चार घासांचं पोट

डेपोत थोरलीला सगळे 'रणगाडा' म्हणायचे, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, आता ही बाई याच्या कानाखाली वाजवणार. पण थोरली हसायची. "रणगाडा म्हणा नाहीतर रोडरोलर म्हणा, बस वेळेवर पोचते की नाही ते बोला," असं म्हणून ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायची. बसायची म्हणजे सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सारायची, श्वास आत ओढायची आणि मग पोट आणि स्टिअरिंग यांच्यात जी काय तडजोड व्हायची ती होऊ द्यायची. वजन एकशे अठ्ठावीस किलो. नोकरी एकोणीस वर्षांची. त्या एकोणीस वर्षांत तिच्या बसला ओरखडा पडला तो एकदाच, तोही बस उभी असताना आणि दुसऱ्यानं काढलेला.

माहेरी दोघीच बहिणी. ही थोरली आणि दुसरी धाकटी. दोघींनी पंचेचाळिशी ओलांडली तरी नातेवाइकांत त्यांची ओळख हीच. दोघीही लहानपणापासून गुटगुटीत, मग जाड, मग लोक नुसतं बघायचे तेवढ्या जाड. धाकटीचं पार्लर होतं. हातात कात्री आणि जिभेवर साखर. तीन वर्षांपूर्वी तिनं कुणाला न विचारता पोटाचं ऑपरेशन करून घेतलं आणि वर्षभरात ती अर्धी झाली. केस बारीक कापून घेतले, रंगीत फ्रेमचा चष्मा घेतला. पार्लरमधल्या बायका केस कापायला कमी आणि तिला बघायला जास्त यायला लागल्या.

थोरलीला हेवा वाटला का? वाटला. पण हेव्यापायी माणूस पोट कापून घेत नाही. तिचे गुडघे गेले होते. बसच्या तीन पायऱ्या चढताना ती दांडीला धरून आधी मनात आकडे मोजायची. रक्तातली साखर वाढायला लागली होती. आणि एकदा लाल सिग्नलला तिचा डोळा लागला. क्षणभरच. मागच्या गाड्यांनी हॉर्न मारले तेव्हा उघडला. ते कंडक्टरच्या लक्षात आलं, पण तो बोलला नाही. डेपोच्या डॉक्टरच्या मात्र तपासणीत आलं. "झोपेत तुमचा श्वास अडकतो, दिवसा झापड येते," तो म्हणाला. "सहा महिन्यांत वजन उतरवा, नाहीतर मला तुम्हाला बसवरून उतरवावं लागेल."

धाकटी लगेच धावत आली. "ताई, आठवड्यात घरी, महिन्याभरात हिंडायला लागशील. मला बघ ना. मी काय मेले का?"

थोरलीचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायचा. हळू बोलणारा, हळू जेवणारा माणूस. दोघांचाच संसार. तो म्हणाला, "पोट म्हणजे चष्म्याची काच नाही, नंबर बदलला की काढली आणि दुसरी बसवली. नीट विचार कर."

"विचार करायला सहा महिनेच आहेत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. जठराचा अंड्याएवढा तुकडा वेगळा करायचा, त्याला आतडं थेट जोडायचं, बाकीचं जठर बाजूला पडून राहणार. ऑपरेशन सरळ पार पडलं. पहिला महिना पातळ सूप आणि दूध, चमच्याचमच्यानं. भूक अशी लागतच नव्हती, त्यामुळे ते जमलं. आरशात गळ्याची हाडं दिसायला लागली तेव्हा ती चकित झाली. आपल्याला अशी हाडं आहेत हे तिला आठवतच नव्हतं.

सहाव्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा उकडलेलं अंडं खाल्लं. दोनच चमचे. आणि ते अडकलं. छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळून धरावी तसं. खाली जाईना, वर येईना. तोंडाला पाणी सुटत राहिलं, मग ते पाणी फेस होऊन बाहेर यायला लागलं. बेसिनला धरून ती पाऊण तास उभी. शेवटी सगळं उलटलं, आणि त्यात पांढरे कण बघून तिला लाज वाटली. आपण कुणाच्या घरात काहीतरी फोडलं आणि ते लपवायला जागा नाही, अशी लाज.

फोनवर धाकटी म्हणाली, "तू चावत नाहीस नीट. पहिल्यापासून तुझी गिळायची सवय."

पण पुढच्या आठवड्यात सूपही उलटायला लागलं, मग नुसतं पाणीही. तेव्हा हॉस्पिटल गाठलं. जिथे जठर आतड्याला जोडलं होतं ती जागा आवळून पेन्सिलीच्या टोकाएवढी झाली होती. तोंडातून नळी घालून, तिच्या टोकाशी छोटा फुगा फुगवून त्यांनी ती रुंद केली. पंधरा दिवसांनी पुन्हा आवळली, पुन्हा फुगा. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी नवरा बाहेरच्या बाकावर मांडीवर तिची पर्स घेऊन बसलेला. 'मी सांगितलं होतं' असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला भांडता आलं असतं. तो म्हणाला नाही, आणि तेच तिला टोचत राहिलं. तिनं मनाशी ठरवून टाकलं की यापुढे काहीही झालं तरी या माणसाला पुन्हा त्या बाकावर बसवायचं नाही.

तिसऱ्या फुग्यानंतर अन्न उतरायला लागलं. वजन भराभर कमी झालं. पाचव्या महिन्यात डेपोच्या डॉक्टरनं तिला कामावर जायला परवानगी दिली. सीट पुढे ओढावी लागली. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "रणगाड्याची सायकल झाली." सगळे हसले. तीही हसली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला फार बरं वाटलं. तीन पायऱ्या ती दांडीला न धरता चढली होती.

अडचण होती ती जेवणाची. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, घास नखाएवढा घ्या, तीस वेळा चावा, दोन घासांत थांबा, जेवताना पाणी पिऊ नका. चार घासांना अर्धा तास. आणि बसच्या शेवटच्या थांब्यावर तिला मिळायची आठ मिनिटं. त्यातली दोन सही करण्यात जायची. पहिल्या आठवड्यात तिनं घाईघाईत पाव आणि माशाचा तुकडा खाल्ला. तो अडकला. बस सुटायची वेळ झाली, आत प्रवासी बसलेले, आणि ही बसच्या मागच्या चाकाशी वाकून प्लॅस्टिकच्या पिशवीत ओकतेय. दोन शाळकरी मुली बघून पुढे गेल्या. त्या दिवसापासून तिनं ड्यूटीवर जेवणं बंद केलं.

नवरा रोज सकाळी स्वतःच्या हातानं तिचा डबा भरायचा. एवढंसं चिकन, उकडलेल्या भाज्या, दही, प्रत्येक गोष्ट वेगळ्या वाटीत, जणू भातुकलीचा डबा. तो डबा ती कंडक्टरला द्यायची.

कंडक्टर म्हातारा, निवृत्तीला वर्ष उरलेलं, बायको जाऊन चार वर्षं झालेली. "ताई, तुम्ही काय खाणार मग?" तो विचारायचा.

"मी सकाळीच पोटभर खाल्लं, काका. माझं पोट केवढं, माहितीय ना? चार घासांचं."

आणि तो खायचा. दोन महिन्यांत त्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, बाहेरच्या बाजूला. "तुमचं वजन गेलं कुठे, ते मला कळलंय," तो म्हणायचा.

ती स्वतः संत्र्याचा रस प्यायची. थांब्यासमोरच्या टपरीवर कागदी डब्यातला मिळायचा, नळीनं ओढायचा. तो अडकत नव्हता. चावावा लागत नव्हता. गार, गोड, सरसर उतरायचा. सकाळी एक, दुपारी एक. मग दुपारी दोन. रस प्याल्यावर तासा-दीड तासानं हात थरथरायचे, मानेवर घाम फुटायचा, छाती धडधडायची. तेव्हा ती आणखी एक डबा फोडायची, आणि दहा मिनिटांत बरं वाटायचं. त्यामुळे तिची खात्री पटली की हा रसच आपल्याला तारतोय.

घरी संध्याकाळी ती ताटलीत थोडं घ्यायची, नवरा समोर बसलेला असायचा. "डबा संपवलास?" "संपवला." "अंडं उतरलं?" "उतरलं." खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण अंगवळणी पडलं. वजन अठ्ठ्याहत्तरवर आलं. पायांच्या बोटांना मुंग्या यायच्या. केस मूठमूठ हातात यायचे. लोक म्हणायचे, "काय सुरेख दिसता हो." सुरेख दिसणारी बाई आजारी आहे हे कुणाला सांगून पटलं असतं?

एकदा तिनं धाकटीला विचारलं, अगदी सहज विचारावं तसं. "तुला कधी घामबीम यायचा का गं? थरथर?"

धाकटी घाईनं म्हणाली, "नाही बाई. तू फार मनाला लावून घेतेस. मस्त राहा." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

ऑपरेशनला चौदा महिने झाले होते. मंगळवार, दुपारी सव्वातीनची फेरी. बसमध्ये चव्वेचाळीस माणसं. सकाळपासून तिच्या पोटात रसाचे तीन डबे सोडले तर काही नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी बस डावीकडे वळते. वीस वर्षांत थोरली तिथे हजारो वेळा वळली असेल. त्या दिवशी बस सरळ गेली.

तिला काय वाटत होतं हे तिनं नंतर पुष्कळांना सांगायचा प्रयत्न केला. चक्कर आली नव्हती, दुखत काहीच नव्हतं. फक्त रस्ता अनोळखी झाला होता. दुकानांच्या पाट्या दिसत होत्या, अक्षरंही दिसत होती, पण त्यांचं काही होत नव्हतं. आपण गाडी चालवतोय हे कळत होतं, कुठे ते कळत नव्हतं, आणि त्याची काळजीही वाटत नव्हती. मागून घंटा वाजत होती. कुणीतरी ओरडत होतं, "अहो, वळायचं होतं." कुणी दुसरं ओरडत होतं, "थांबवा." ते सगळं शेजारच्या घरात चालल्यासारखं.

एका बंद गोदामाच्या फाटकापाशी तिनं बस कडेला घेतली. कंडक्टर माणसांतून वाट काढत पुढे आला.

"ताई, कुठे चाललोय आपण?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा होता. "घरी," ती म्हणाली.

"ताई, आपल्या बसचा नंबर काय?"

ती विचार करत राहिली. उत्तर जिभेवर होतं आणि जीभ जड होती. घाम डोळ्यांत उतरत होता. मागचा एक माणूस म्हणाला, "प्यायलीय ही. बघा, कशी डोलतेय." दुसऱ्यानं मोबाइल वर धरला. कंडक्टरनं हात लांब करून चावी फिरवून काढून घेतली, आणि वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. फक्त संत्र्याचा वास होता. मग त्यानं वळून त्या मोबाइलवाल्याला सांगितलं, "खाली ठेव तो. बाई आजारी आहे." आयुष्यभर प्रवाशांशी 'अहो-जाहो' बोललेला तो माणूस, त्या दिवशी पहिल्यांदा अरेतुरेवर आला.

अँब्युलन्सवाल्यानं बोट टोचून बघितलं. साखर अडतीस, सत्तरच्या खाली जायला नको ती. शिरेतून साखरेचं पाणी गेलं तशी पाच-सात मिनिटांत थोरली परत आली, जणू कुणी पडदा ओढून खिडकी उघडली. आणि परत आल्याबरोबर तिला सगळं कळलं. चव्वेचाळीस माणसं. त्या वेळी शाळा सुटलेली असते. तिनं पहिला प्रश्न विचारला, "कुणाला लागलं का?"

"कुणालाही नाही," कंडक्टर म्हणाला. "हँडब्रेक ओढलेला होता तुम्ही, ताई. शुद्ध नव्हती, पण ब्रेक ओढलेला होता."

यावर तिला रडू फुटलं.

नवरा हॉस्पिटलमध्ये पोचला तेव्हा कंडक्टर तिच्या उशाशी होता. म्हातारा घाबरलेला, त्यात बोलका. "कसं काय झालं हो हे," तो नवऱ्याला सांगायला लागला, "काही खात नाहीत या. तुमचा डबा तर रोज मीच खातो. फार छान असतो, पण मला वाटायचं, यांनी सकाळी..." आणि मग त्याला नवऱ्याचा चेहरा दिसला आणि तो थांबला. थोड्या वेळानं चहाचं निमित्त करून बाहेर गेला.

नवरा खुर्चीवर बसला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"किती दिवस?"

"नऊ महिने," ती म्हणाली.

"रोज?"

"ड्यूटीच्या दिवशी."

"मी वाट्या वेगवेगळ्या ठेवत होतो. चव एकमेकांत मिसळू नये म्हणून."

"माहितीय मला."

"मग सांगायचं नाही? नको भरू डबा, म्हणायचं. मी एवढा कोण लागून गेलो, की मला सांगायची भीती वाटावी?"

"भीती नाही वाटली हो. तुम्ही नको म्हणाला होतात ऑपरेशनला. आणि मग काही बोलला नाहीत. तीनदा त्या बाकावर बसलात आणि चकार शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, आता चौथ्यांदा कुठल्या तोंडानं..."

त्यानं तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "मला वाटायचं, बोललो तर तुला लागेल," तो म्हणाला. "एवढंच होतं ते."

आहारतज्ज्ञ बाईंनी दुसऱ्या दिवशी तिला हिशोब उलगडून दाखवला. गोड रस जठरात न थांबता थेट आतड्यात जातो, रक्तातली साखर एकदम चढते, शरीर घाबरून तिला खाली ओढतं आणि ओढताना गरजेपेक्षा जास्त ओढतं. मग थरथर. त्यावर पुन्हा रस, म्हणजे पुन्हा तेच चक्र. "तुम्ही औषध म्हणून जे घेत होता, तोच आजार होता," त्या म्हणाल्या. मुंग्या आल्या होत्या त्या जीवनसत्त्वांच्या कमतरतेनं. लोह तर जवळजवळ संपलंच होतं. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "जेवायला वेळ मिळत नाही, हे तुम्ही इथे एकदाही का सांगितलं नाहीत?" त्यांच्या तपासणीच्या वहीत दर महिन्याला तिनं 'सर्व ठीक' असं लिहून दिलं होतं.

डेपोनं चौकशी केली. रक्तात दारूचा अंश नव्हता, तसा कागद मिळाला. पण कागद कुणी गळ्यात अडकवून फिरत नाही, आणि 'रणगाडा प्यायला होता' हे दोन दिवसांत सगळ्या डेपोत पसरलं होतं. तिला बस चालवण्यावरून काढलं. तात्पुरतं, असं लिहिलं होतं.

धाकटी आली ती आठव्या दिवशी. घरी, सकाळी अकराच्या सुमारास. नवरा दुकानात गेलेला. थोरली टेबलाशी बसून दही खात होती, चहाच्या चमच्यानं. धाकटी समोर बसली. नेहमीसारखी बडबड नाही. पर्सचा बंद उघडत होती, लावत होती.

"ताई, मलापण होतं," ती म्हणाली.

"काय होतं?"

"हेच. घाम. थरथर. पार्लरमध्ये दोनदा पडले मी. एकदा हातात कात्री होती. गिऱ्हाइकाच्या कानाला लागली. दोन टाके पडले तिला."

थोरलीनं चमचा खाली ठेवला. "कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून. केस फॅशन म्हणून नाही कापले मी. गळत होते."

"म्हणजे मला ऑपरेशन कर म्हणून सांगायला आलीस, तेव्हा होतं हे तुला."

धाकटीनं हो अशी मान हलवली.

"आणि मी फोन करून विचारलं तेव्हा?"

"तेव्हापण." धाकटीनं पर्स बाजूला ठेवली. "ताई, जन्मात पहिल्यांदा लोक मला छान म्हणत होते गं. तुला माहितीय आपल्याला काय काय म्हणायचे. त्यात हे कुठे सांगू मी?"

"लोकांना नको सांगूस. मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू केलं नसतंस. मग मी एकटीच राहिले असते. एकटीच बारीक आणि एकटीच आजारी."

खरं बोलणं होतं, आणि इतकं उघडं होतं की थोरलीला पहिल्यांदा तिची कीव आली. पण कीव फार वेळ टिकली नाही. डोळ्यांसमोर ते गोदामाचं फाटक आलं.

"बसमध्ये चव्वेचाळीस माणसं होती," ती म्हणाली. "फोनवर तू नुसतं 'हो' म्हणाली असतीस, तर मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले असते. एक शब्द होता तो. जा तू आता."

धाकटी गेली. आठ महिने दोघी बोलल्या नाहीत.

त्यातले पहिले पाच महिने थोरली जेवायला शिकली. ऐकायला सोपं वाटतं. दिवसातून सहा वेळा, घड्याळाचा गजर लावून. आधी अंडं किंवा मासा किंवा चिकन, मग भाजी, मग जागा उरली तर दोन चमचे भात, आणि जागा कधीच उरत नसे. गोड बंद. रस बंद. बोट टोचून आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा, आणि या वेळी खरा लिहायचा. आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी अडकायचंच. मग खोलीत येरझाऱ्या, छातीवर हात, फेस. नवरा आता विचारायचा नाही की उतरलं का. तो आपली ताटली घेऊन समोर बसायचा आणि स्वतः हळू जेवायचाच, त्यामुळे दोघांचं एकदम संपायचं. त्या घरात रोजचं जेवण आता पिक्चरएवढं लांबायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे खाण्यावरचं प्रेम गेलं नव्हतं. भूक कमी झाली होती, प्रेम होतं तेवढंच होतं. बेकरीवरून जाताना ताज्या पावाचा वास यायचा आणि तिचे पाय मंद व्हायचे. पूर्वी कसलंही दुःख झालं की ती खायची. नोकरी लागली तेव्हा खाल्लं होतं, मूल होणार नाही असं डॉक्टर म्हणाले तेव्हाही खाल्लं होतं, आई गेली तेव्हाही. आता दुःख होतं आणि त्याला ठेवायला जागा नव्हती. एकदा भर दुपारी ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली. कारण काही नाही. भांडी घासून झाली होती, पुढच्या खाण्याला दीड तास होता, आणि तो दीड तास कसा काढायचा ते तिला सुचत नव्हतं. हॉस्पिटलनं तिला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांना तिनं हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोटाचं ऑपरेशन झालं, मनाचं राहिलं." थोरली म्हणाली, "ते नको. एकच पुरे झालं." दोघी हसल्या, पण ती पुढेही जात राहिली.

पाच महिन्यांनी डॉक्टरांच्या समितीपुढे तिची तपासणी झाली. आकडे बरेच सुधारले होते. पंधरा दिवसांत एखाद्याच वेळी साखर खाली जायची, तीही तिला आधी कळायची. तीन डॉक्टरांनी कागद पाहिले. मधला, वयानं मोठा, म्हणाला, "तुमची स्वतःची मोटार चालवा, आधी बोट टोचून. प्रवाशांची बस मात्र मी तुमच्या हाती देऊ शकत नाही. आज तरी नाही. पुढेही आशा ठेवा असं सांगणार नाही."

वाद घालायचं ती ठरवून आली होती. घातला नाही. "मी तुमच्या जागी असते तर मीही दिली नसती," ती म्हणाली आणि सही केली. जिन्यात पोचल्यावर मात्र भिंतीला टेकून उभी राहिली. नवरा खालच्या पायरीवर थांबला, तिला वेळ दिला.

डेपोनं तिला वेळापत्रकाच्या खोलीत बसवलं. कोणती बस कधी सुटणार, कोण कोणत्या फेरीला जाणार, हे आखायचं. खिडकीतून बसगाड्या दिसायच्या. पहिले दोन महिने ती खिडकीकडे पाठ करून बसली. कंडक्टर तोवर निवृत्त झाला होता. कधीतरी यायचा, स्टुलावर बसायचा, त्याच त्या गोष्टी सांगायचा. कामात ती चांगली होती. रस्ते तिला पाठ होते आणि कुठल्या ड्रायव्हरचा कुठे जीव जातो हेही. पण चांगली असणं वेगळं आणि आवडणं वेगळं.

एका शनिवारी फोन वाजला. धाकटीचा नंबर. थोरलीनं तो पुष्कळ वेळ वाजू दिला आणि मग उचलला.

"ताई, सोमवारी माझी तपासणी आहे," धाकटी म्हणाली. "ती चार तासांची. गोड पाणी पाजतात आणि दर अर्ध्या तासानं रक्त घेतात. तुझी झालीय ना?"

"झालीय."

"साखर खाली जाईपर्यंत थांबतात म्हणे. मला भीती वाटते गं. मी कुणाला सांगितलं नाहीये अजून. पार्लर बंद का, ते काय सांगू?"

खिडकीखालून एक बस फाटकाबाहेर वळत होती. नवा ड्रायव्हर, वळण जरा जास्तच मोठं घेतलं त्यानं.

"आजारी आहे म्हणून सांग," ती म्हणाली. "पाटी लाव. मोठ्या अक्षरात."

"येशील?"

"किती वाजता?"

सोमवारी साडेआठला थोरली हॉस्पिटलच्या त्या लांब व्हरांड्यात पोचली. धाकटी बाकावर बसली होती, दंडाला पट्टी, हातात गोड पाण्याचा रिकामा पेला. ओठ पांढरे पडलेले. तिला बघून ती उठायला गेली. थोरलीनं हातानंच बस म्हटलं.

दोघी शेजारी बसल्या. नर्स येऊन रक्त घेऊन गेली. थोरलीच्या घड्याळाचा गजर वाजला. खायची वेळ झाली होती.

"अजून राग आहे?" धाकटीनं विचारलं.

"आहे," थोरली म्हणाली. "सरक जरा तिकडे. डबा ठेवायला जागा कर."